शिवारातून शहरात: ले-आउट टाकण्यापूर्वी

नाशिक शहर आणि लगतच्या गावांतील जमीनमालकांसाठी माहितीपत्रक

आडगाव, म्हसरूळ, मखमलाबाद, पाथर्डी, विल्होळी, नांदूर. या शिवारांत शहर आता बांधाला येऊन टेकले आहे. जमीनमालक ले-आउट (रस्ते, खुली जागा आणि प्लॉट पाडलेला जमिनीचा नकाशा) आखून घ्यायला आमच्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आमच्या जमिनीत प्लॉट किती पडतील?" आमच्या मते हा प्रश्न तिसरा असायला हवा. पहिला रस्त्याचा आणि दुसरा पाण्याचा. या दोन्हींचे उत्तर पक्के झाले की प्लॉटचा आकडा आपोआप निघतो. ते पक्के नसेल, तर कागदावर काढलेले प्लॉट विकले जात नाहीत. विकले गेले तरी घेणारा दहा वर्षे टँकरवर काढतो.

रस्ता

तुमच्या गटाला लागून विकास आराखड्यातला रस्ता आहे का आणि तो किती मीटरचा आहे, यावर जमिनीची बांधकाम क्षमता ठरते. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार गावठाण आणि दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय (जागेच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते तो आकडा) १.१० मिळतो. ९ मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावर प्रीमियम एफएसआय (शुल्क भरून मिळणारे जादा बांधकाम) नाही आणि टीडीआरही (दुसरीकडे दिलेल्या जागेच्या बदल्यात मिळालेला बांधकाम हक्क) वापरता येत नाही. रस्ता ९ ते १२ मीटरचा असेल तर मूळ एफएसआयसह हे दोन्ही धरून एकूण २.०० पर्यंत जाता येते, १२ ते १८ मीटरवर २.२५ पर्यंत, १८ ते २४ मीटरवर २.५० पर्यंत. शेजारी-शेजारी असलेल्या दोन गटांच्या भावात मोठी तफावत का पडते, याचे कारण बहुतेक वेळा इथेच सापडते.

सर्वांत जास्त फसगत वहिवाटीच्या रस्त्याबाबत होते. तहसीलदारांनी महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली बांधावरून दिलेला रस्ता शेतात जाण्या-येण्यासाठी असतो. बैलगाडी आणि ट्रॅक्टर तिथून जातात, पण म्हणून तो ले-आउटचा पोहोच रस्ता ठरत नाही. ले-आउटच्या आतला रस्तासुद्धा १५० मीटर लांबीपर्यंत किमान ९ मीटर आणि त्यापुढे ३०० मीटरपर्यंत १२ मीटर रुंद ठेवावा लागतो. पुढे रस्ता नसेल तर शेजारच्या गटमालकाशी आधी बोला. दोन-तीन गट एकत्र करून रस्ता सामाईक आखला, तर प्रत्येकाची रस्त्यात कमी जमीन जाते. बांधाचे जुने भांडण असले तरी हा हिशेब मांडून पाहावा, असा आमचा आग्रह असतो.

हिशेब: ८० गुंठ्यांतले हातात किती?

एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. त्यामुळे दोन एकर, म्हणजे ८० गुंठे, हे ८,०९४ चौ. मी. होतात. समजा आराखड्यातल्या रस्त्याच्या रुंदीकरणात ५०० चौ. मी. गेले. उरले ७,५९४. त्याच्या १० टक्के, म्हणजे साधारण ७६० चौ. मी., खुली जागा सोडावी लागेल. आतले ९ मीटरचे रस्ते (प्रत्येक १५० मीटरच्या आत) एकूण १७० मीटर लांबीचे धरले तर १,५३० चौ. मी. त्यात जातील. शेवटी प्लॉटखाली ५,३०० चौ. मी., म्हणजे साधारण ५२ गुंठे राहतात. ट्रान्सफॉर्मरची जागा यातूनच द्यायची आहे. जमीन अडनिड्या आकाराची असेल तर आकडा आणखी खाली येतो. "८० गुंठ्यांचे ७० गुंठे प्लॉट काढून देतो" असे कोणी म्हणत असेल, तर नकाशावर खुली जागा आणि रस्त्याची रुंदी मोजून पाहा.

रुंदीकरणात गेलेली जागा फुकट जात नाही. तिच्या बदल्यात टीडीआर किंवा उरलेल्या जागेवर एफएसआय मागता येतो. जागा मात्र निर्वेध, म्हणजे बोजा किंवा वाद नसलेली असायला हवी.

एका एकराची मेख

खुल्या जागेची अट ४,००० चौ. मी. पासून लागते. पूर्ण एक एकर ४,०४७ चौ. मी. भरतो, म्हणजे एकरवाला ४७ चौ. मीटरने अटीच्या आत येतो. याच ४,००० चौ. मी. पासून समावेशक गृहनिर्माणाची तरतूदही लागू होते. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांमध्ये २० टक्के हिस्सा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी, ३० ते ५० चौ. मी. च्या लहान प्लॉट किंवा सदनिकांच्या रूपात ठेवावा लागतो. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिकेची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. त्यामुळे ही अट नाशिकला लागते. तिच्यातून सुटण्यासाठी गटाचे तुकडे करू नका. मूळ गटाचे क्षेत्र आणि जुने फेरफार तपासले जातात, आणि अडकलेली फाइल सोडवायला लागणारा वेळ त्या २० टक्क्यांपेक्षा महाग पडतो.

या लहान प्लॉटांकडे आम्ही ओझे म्हणून पाहत नाही. सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या तेव्हा सिडकोने सहा योजनांमध्ये कामगारांना परवडतील अशी घरे कारखान्यांच्या जवळ बांधली. नवीन नाशिक त्यातून वाढले. रोजगार आणि घर यांत सायकलचे अंतर असेल तर दोन्हीकडचा व्यवहार टिकतो. आज नवा उद्योग सिन्नर, गोंदे आणि दिंडोरीच्या बाजूला सरकतो आहे. तिकडे काम करणाऱ्याला कायदेशीर लहान घर मिळाले नाही तर तो मंजुरी नसलेल्या गुंठेवारीत एक गुंठा घेतो. तिथे ना गटार ना नकाशा, आणि पुढे नियमित करण्याचा खर्च त्याच्याच माथी. पाथर्डी किंवा विल्होळीकडे जमीन असेल तर लहान प्लॉटांना गिऱ्हाईक शोधावे लागणार नाही.

मुख्य रस्ता १२ मीटर किंवा अधिक असेल तर दर्शनी प्लॉट निव्वळ बंगल्यांना देऊ नका. दुकान, दवाखाना, गॅरेज, पिठाची गिरणी अशा वापराची जागा समोर ठेवा आणि घरे मागे.

पाणी आणि जमिनीचा उतार

माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पुरवठ्याचे प्रमाण. शंभर कुटुंबे, घरटी साडेचार माणसे धरली तर रोज साधारण ६० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर लागतात. एप्रिलमध्ये एखादी बोअर एवढे देईल या भरवशावर राहू नका. महापालिकेची जलवाहिनी सध्या कुठपर्यंत आली आहे आणि जलकुंभ कोणता, हे पाणीपुरवठा विभागातून आधी विचारून घ्या. आलेल्या पाण्याच्या साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. ते उताराने मलवाहिनीला मिळत नसेल तर सगळा नकाशा उलटा आखावा लागतो. म्हणून प्लॉट आखण्याआधी आम्ही लेव्हल, म्हणजे जमिनीच्या चढ-उताराची मोजणी घेतो.

काळ्या मातीवर थेट खडी पसरून केलेला रस्ता दोन पावसाळे टिकत नाही. ती माती पाण्याने फुगते, उन्हात आकसते आणि वरचा थर फोडते. माती काढून मुरुमाची भर घालून रोलरने दाबल्याशिवाय खडीला हात लावू नये. नैसर्गिक नाला पाइपात घालून त्यावर प्लॉट पाडू नका. जोराच्या पावसात पाणी जुनी वाट शोधतेच.

गोदावरी, नासर्डी, वाघाडी, वालदेवी यांच्या काठी जमीन असेल तर पूररेषेचा नकाशा सर्वांत आधी पाहा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम नाही. निळी आणि लाल यांच्यामध्ये जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ४५ सेंमी उंच ठेवावे लागते. सप्टेंबर २००८ चा पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे पटवून द्यावे लागत नाही.

आरक्षण असेल तर

शाळा, मैदान किंवा उद्यानाचे आरक्षण पडले म्हणून जमीन मातीमोल विकू नका. नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे उठते. शहराचा सुधारित आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला, त्यामुळे हा प्रश्न आता जवळ आला आहे. तुमच्या भागाच्या मंजुरीची तारीख राजपत्रात पाहूनच दिवस मोजा. नोटिशीसोबत मालकी हक्काचे कागद जोडले नाहीत तर ती ग्राह्य धरली जात नाही. बहुतेक नोटिसा इथेच वाया जातात.

मंजुरीचा क्रम

आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी. जागेवरचा बांध आणि नकाशातली हद्द जुळतेच असे नाही. मग झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या पट्ट्यात येते ते सांगणारा) आणि भाग नकाशा (विकास आराखड्यातला तुमच्या जमिनीपुरता भाग). त्यानंतर ले-आउटची तात्पुरती मंजुरी, जागेवर रस्ते, गटार आणि पथदीप, सीमांकनाची मोजणी, अंतिम मंजुरी, आणि शेवटी प्लॉटनिहाय सातबारा. तात्पुरत्या मंजुरीच्या नकाशावर प्लॉट विकण्याची घाई करू नका, कारण अंतिम नकाशात प्लॉटचे क्षेत्र बदलू शकते. जमीन ५०० चौ. मी. पेक्षा मोठी किंवा प्लॉट आठपेक्षा जास्त असतील, तर महारेरा (बांधकाम आणि प्लॉट प्रकल्पांवर देखरेख ठेवणारे राज्याचे प्राधिकरण) नोंदणीआधी जाहिरात किंवा बुकिंग करता येत नाही. नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेणेही चालत नाही.

देवळाली, गांधीनगर आणि ओझर बाजूच्या जमिनींना संरक्षण खात्याचा किंवा विमानतळाचा ना-हरकत दाखला लागू शकतो. कालव्याच्या लाभक्षेत्रात असाल तर जलसंपदा विभागाकडेही विचारावे लागते.

पहिल्या भेटीला येताना

ताजा सातबारा, त्यावरचे सर्व फेरफार, गटाचा नकाशा आणि असल्यास जुनी मोजणीची क प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा) आणा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), देवस्थान इनाम, कूळ किंवा आदिवासी खातेदार अशी नोंद असेल तर ती लपवू नका. परवानगीचा मार्ग त्यावरून बदलतो आणि त्याला लागणारा वेळ आधी धरावा लागतो. इतर हक्कात सोसायटीचा बोजा असेल तर कर्ज फेडल्याचा दाखला आणा. बहिणींची नावे लागलेली असतील किंवा लागायची असतील, तर त्यांनाही सोबत घेऊन या. सर्व सहधारकांच्या सह्यांशिवाय अर्ज दाखल करता येत नाही.