बेंजो पार्टी आणि बेंजो-रीमिक्स

बेंजो पार्टी : गायकाविना, विजेवर चालणाऱ्या बेंजोवर गाण्याची चाल वाजवून तिच्याभोवती हलगी, ताशा, ढोलकी, ऑक्टापॅड (काठीने वाजवायचे विजेवरचे तालवाद्य) व की-बोर्ड यांचा नाचाचा ठेका उभा करणारे मिरवणुकीचे वाद्यपथक. मराठवाड्यात वरात, परण्या (लग्नाआधी निघणारी नवरदेवाची मिरवणूक), गणपती, देवीची मिरवणूक, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, १ ऑगस्टची अण्णा भाऊ साठे जयंती या प्रसंगी ही पथके वाजतात. गोंधळाचा ठेका, भीमगीत, लावणी, कोळीगीत, हिंदी चित्रपटातील चाल आणि डीजेचा ठोका हे सगळे एकाच वाजवणीत एकमेकांत मिसळणे हा या प्रकाराचा गाभा आहे. पथकाच्या मूळ वाजवणीचे सुटे ट्रॅक वेगवेगळ्या डीजेंना देऊन त्यांच्याकडून नव्याने बांधून घेतलेल्या संग्रहाला येथे ‘बेंजो-रीमिक्स’ म्हटले आहे.

वाद्य व नाव : पार्टीतील बेंजोचा अमेरिकी बँजोशी नावापलीकडे संबंध नाही. अमेरिकी बँजोला कातडे मढवलेला गोल तोंडवळा असतो. आपला बेंजो ही लांबट लाकडी पेटी असून तिच्या तारांवर टायपरायटरसारखी बटणे बसवलेली असतात. उत्तरेकडे यालाच बुलबुलतरंग म्हणतात. त्याचा मूळपुरुष जपानी ताइशोगोतो होय. नागोया येथील मोरिता गोरो याने १९१२ मध्ये, म्हणजे ताइशो राजवट सुरू झाली त्याच वर्षी, दोन तारांच्या निगेन्किन या वाद्याला टायपरायटरच्या कळांची कल्पना जोडून ते घडवले. भारतात ते बहुधा दोन महायुद्धांच्या दरम्यान, जपानी मालाबरोबर पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत उतरले असावे. बलुचिस्तानातही याच घराण्याचे वाद्य ‘बेंजू’ नावाने रुजले आहे. त्यामुळे ‘बेंजो’ हे नाव केवळ मुंबईतील ख्रिस्ती बँडवाल्यांच्या बँजोवरून पडले, हे मत अपुरे वाटते. कराची ते मुंबई या किनारपट्टीवर व्यापाऱ्यांनी परक्या तंतुवाद्याला सरसकट लावलेले ते नाव असावे, हे मत अधिक पटणारे आहे.

डाव्या हाताने बटण दाबले की तार पडद्यावर टेकते आणि उजव्या हातातील प्लास्टिकच्या पट्टीने ती छेडतात. पडदे पक्के असल्याने मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, निघत नाही. कसलेले वादक लगतची दोन-तीन बटणे झरकन ओढून मींडेचा भास निर्माण करतात. पार्टीच्या वाद्यात सतत सा देणाऱ्या साथतारा बहुधा काढून टाकतात, कारण आवाज वाढवला की त्या सगळ्या चालीवर घोंगावत राहतात. तारांखाली, घोडीजवळ (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीजवळ) तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारा चुंबकीय पिकअप बसवतात. तो घोडीपासून दूर सरकवला तर आवाज जाड होतो, पण जलद तानेतील स्वर एकमेकांत मिसळतात.

पथकाची घडण : मराठवाड्यातील पथकांच्या उगमाविषयी तीन मते आहेत. पहिले मत त्यांचा धागा पितळी बँडशी जोडते. हैदराबाद कंटिंजंटच्या (निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांखाली ठेवलेल्या फौजेच्या) छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली व मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई) येथे होत्या आणि लष्करी बँडची कवायती वाजवणी तेथून लग्नांत आली, असे ते सांगते. दुसऱ्या मताप्रमाणे मुंबईच्या गणेशोत्सवातील बेंजो पार्ट्या कामासाठी गेलेल्या तरुणांनी गावी आणल्या. तिसरे मत गावच्या वाजंत्र्यांवर भर देते. हलगी, डफडे, सनई, संबळ ही वाद्ये येथे आधीपासून होती आणि बेंजोने त्यांत सनईची जागा घेतली. वाद्यमेळाची मांडणी पाहता तिसऱ्या मताकडे कल झुकतो. चाल बाहेरून आली तरी ठेका गावचाच राहिला. यामागे मोठा सामाजिक बदलही आहे. मांग, होलार, महार या समाजांवर गावकीचे काम म्हणून लादलेले वाजवणे आंबेडकरी चळवळीच्या प्रभावाने अनेकांनी सोडले. पुढे तीच कला काही घरांत सुपारी ठरवून, स्वतःच्या पथकाच्या नावाने उभी राहिली. ऑक्टापॅड त्यानंतरचा. रोलंड कंपनीने आठ पट्ट्यांचे हे वाद्य १९८५ मध्ये बाजारात आणले. गावोगावच्या पथकांत ते त्याच्या बऱ्याच पुढे पोचले असावे.

आज पथकात साधारण आठ ते पंधरा माणसे असतात. की-बोर्ड, ऑक्टापॅड, मिक्सर व जनरेटर छोटा हत्तीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत असतात आणि हलगी-ताशावाले पायी चालतात. नेमकी येथेच गडबड होते. आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. म्हणजे गाडीपासून ३५ मीटर पुढे गेलेल्या हलगीवाल्याला बेंजो एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. तो ऐकू येईल तसा वाजवतो, त्याचा ठोका गाडीपर्यंत परतायला तेवढाच वेळ लागतो आणि ऑक्टापॅडवाल्याला वाटते की हलगी मागे पडली. दोघेही चुकलेले नसतात. हलगीवाल्यांना गाडीच्या पाच-सहा मीटरच्या आत ठेवणे हाच उपाय. गर्दी त्यांना पुढे ढकलते, म्हणून दोर धरणारी दोन माणसे लागतात.

दुसरा शत्रू ऊन. लग्नसराई ऐन एप्रिल-मेमध्ये येते आणि पारा चाळिशीपार असतो. सावलीत काळी एक (सी-शार्प) पट्टीत लावलेला बेंजो उन्हात आला की पोलादी तारा सैल पडून उतरतो. की-बोर्डचा सूर मात्र हलत नाही. मग दोन्ही एकत्र वाजले की कानाला खुपते. म्हणून वाद्य गाडीवर चढवून, दहा मिनिटे उन्हात ठेवून मगच शेवटचे लावावे. हलगीचे उलटे असते. ऊन तिला मानवते, पावसाळी हवेत मात्र तिचे कातडे ढिले होते. परण्या निघण्याआधी रस्त्याच्या कडेला पाचट किंवा कागद पेटवून हलगीवाले कडे गोल फिरवत कातडे शेकतात आणि मधूनमधून बोटाच्या पेराने ठोकून पाहतात. ‘धप्प’ जाऊन ‘टण्ण’ आले की हलगी आगीवरून काढायची. आणखी क्षणभर ठेवली तर कड्याजवळ कातडे तडकते. कातड्याऐवजी फायबरचे पान मढवले तर शेकावे लागत नाही, पण त्याच्या आवाजात कातड्याचा तो खर नसतो.

ठेक्याचा प्रश्न : गोंधळ व हलगीचे अनेक ठेके सहाच्या झुलत्या वजनात चालतात, तर डीजेचा ठोका सरळ चारचा असतो. दोन्ही जुळतात, पण त्यासाठी एक नियम पाळावा लागतो. मिनिटाला १२० ठोके धरले तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा होतो. त्याचे तीन भाग केले की प्रत्येक भाग १६७ मिलिसेकंदांचा, आणि हलगीचे सहा भागांचे आवर्तन बरोबर दोन ठोक्यांत बसते. चार ठोक्यांच्या एका चरणात अशी दोन आवर्तने येतात. संगणकावर ठोक्याचे तीनऐवजी चार भाग करून ‘सरळ’ करण्याची आज्ञा दिली, तर १६७ वर पडणारा टोला १२५ वर आणि ३३३ वर पडणारा ३७५ वर ओढला जातो. फरक ४२ मिलिसेकंदांचाच असतो, पण तेवढ्याने झुलणारा ठेका लंगडतो आणि नाचणाऱ्यांचे पाय थांबतात. बाजारातील कितीतरी ‘हलगी मिक्स’ व ‘संबळ मिक्स’ या एका चुकीने निर्जीव झाले आहेत.

रीमिक्स संग्रह : ध्वनिमुद्रित गाणे मोडून पुन्हा बांधण्याची रीत १९६० च्या दशकाच्या अखेरीस जमैकात डब संगीतातून आणि १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या डिस्को संगीतातून घडली. मराठवाड्यात ती पेनड्राइव्ह व मेमरी कार्डांतून पसरली आणि मधूनमधून डीजेचे नाव पुकारणारा आवाज ही तिची ओळख झाली. बेंजो-रीमिक्स संग्रहात मात्र पथक स्वतः मूळ साहित्य पुरवते.

ध्वनिमुद्रण बंद खोलीत, वाद्यागणिक वेगळे करावे. बेंजो माइकविना, पिकअपमधून थेट केबलने घ्यावा. हलगीसमोरचा माइक दीड-दोन फुटांवर, कडेच्या बाजूने ठेवावा. अगदी समोर धरला तर टोला फाटतो. सर्वोच्च पातळी शून्याच्या (ज्यापुढे डिजिटल आवाज फाटतो त्या पातळीच्या) सहा डेसिबल खाली ठेवावी. हलगीवाल्याला क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या यांत्रिक ठोक्यावर, वाजवायला लावू नये. त्याची लय ११० वरून १२६ पर्यंत चढते ती नाचाच्या उठावासाठीच. डीजेने प्रत्येक टोला न जखडता दर आठ आवर्तनांनी समेवर खूण करून लय जुळवावी, म्हणजे आतली चढण शाबूत राहते. सगळे ट्रॅक एकाच क्षणापासून सुरू करून, २४ बिटच्या वेव्ह फायलींत, नावातच पट्टी व लय लिहून द्यावेत. मोबाइलवरून दाबलेली एमपी३ पाठवू नये. नमुना-दर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने नोंदले जातात तो आकडा) सर्वांचा एक हवा. ४८,००० ने मुद्रित केलेला ट्रॅक ४४,१०० समजून वाजला, तर १२० ची लय ११०.२५ वर येते आणि पट्टी सुमारे दीड अर्धस्वर उतरते. बेंजो बेसूर लागला, असा ठपका अशा वेळी वादकावर विनाकारण येतो.

हक्क : लग्नाची वरात व विवाहाशी निगडित समारंभांत गाणे वाजवणे प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ५२(१)(झेडए) प्रमाणे उल्लंघन ठरत नाही. ही सवलत वाजवण्यापुरती आहे, संग्रह काढून विकण्याला ती लागू नाही. शब्द गाळले तरी चालीचा हक्क उरतोच. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३१(सी) मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षे लोटल्यावर, दर वर्षी किमान ५०,००० प्रतींचे मानधन भरून नवी आवृत्ती मुद्रित करू देते. मूळ मुद्रणाचा तुकडा उचलून केलेल्या रीमिक्सला मात्र त्याच्या मालकाची वेगळी परवानगी लागते. पारंपरिक गोंधळाची चाल सर्वांची असली तरी तिचे एखाद्याने केलेले मुद्रण ६० वर्षे त्याचे असते. म्हणून पथकांनी पारंपरिक ठेके व स्वतः बांधलेल्या चाली यांवरच संग्रह उभारणे शहाणपणाचे आहे. बेंजोवाला व डीजे यांची नावे मुखपृष्ठावर येतात, हलगीवाल्याला बहुतेकदा एका दिवसाची मजुरी मिळते. हे अन्यायाचे आहे, कारण संग्रह ज्या ठेक्यामुळे ओळखला जातो तो त्याचा असतो. कायद्याने तोही कलाकार आहे. त्याचे नाव आणि वाटा मुद्रणाआधी कागदावर लिहून घ्यावा.

ध्वनिमर्यादा : ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद ठेवावे लागतात. राज्य शासन वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवू शकते. निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे.