शालेय न्यासभूमी (ॲरिझोना)

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्याकडे मुख्यतः सरकारी शाळांसाठी न्यास म्हणून, म्हणजे केवळ त्यांच्या हितासाठी सांभाळायची ठेव म्हणून, असलेली जमीन. क्षेत्र सुमारे ९२ लाख एकर. कारभार १९१५ मध्ये स्थापन झालेले राज्य भूमी खाते पाहते.

या प्रथेचा आरंभ सामान्यतः १७८५ च्या भूमी अध्यादेशात धरतात. त्यानुसार ६ मैल लांबी-रुंदीच्या प्रत्येक टाउनशिपचे ३६ चौकोन पाडून, त्यांतला १६ वा (६४० एकर) शाळेसाठी राखला जाई. न्यू इंग्लंडमधील (अमेरिकेचा ईशान्य भाग) वसाहतींत गाव वसवताना शाळेसाठी जमीन काढून ठेवण्याची चाल मात्र त्याआधीची होती, म्हणून काही अभ्यासक उगम तिथवर मागे नेतात. यामागे शिक्षणाची कळकळ किती आणि जमिनीला गिऱ्हाईक मिळावे हा हेतू किती, याविषयीही मतभेद आहेत. ही जमीन ‘न्यास’ केव्हा झाली, हा वाद अधिक महत्त्वाचा. १७८५ च्या कलमात तो शब्द नाही. ॲरिझोना व न्यू मेक्सिको यांच्यासाठीच्या १९१० च्या कायद्यात तो स्पष्ट आहे. राज्यघटना व न्यायनिवाडे यांतून ही कल्पना हळूहळू घट्ट होत गेली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १९१० च्या कायद्याने प्रत्येक टाउनशिपमागे २, १६, ३२ व ३६ या क्रमांकांचे चार चौकोन दिले. रुक्ष प्रदेशात एकाचे उत्पन्न पुरले नसते, असे कारण सांगतात. चौकोन आधीच कुणाच्या ताब्यात असल्यास बदली जमीन मिळे. मूळ रहिवासी जमातींकडून हा प्रदेश कसा गेला, याचा उल्लेख जुन्या कायदेविषयक लेखनात फारसा येत नाही. ही उणीव मोठी आहे.

न्यासभूमी सर्वांना मोकळी नसते. तिच्यावर भटकंतीलाही परवाना लागतो. विक्री जाहीर लिलावाने होते आणि मूल्यांकनापेक्षा कमी बोली चालत नाही. राज्याच्या महामार्ग विभागानेही रस्त्याखालच्या न्यासभूमीची पूर्ण किंमत भरलीच पाहिजे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये ठरवले. बहुतेक क्षेत्र गुरांच्या चराईसाठी भाडेपट्ट्याने जाते, पण त्याचे उत्पन्न थोडे. खरा पैसा फीनिक्सभोवतालच्या शहरालगतच्या जमिनींतून येतो.

विक्रीची रक्कम व खनिजांचे स्वामित्वशुल्क कायम निधीत जमा होते. त्या निधीतून दरवर्षी २.५ टक्के वाटप होई. २०१६ च्या सार्वमताने ते २०१५-१६ पासूनच्या दहा आर्थिक वर्षांसाठी ६.९ टक्के झाले. मुदत २०२५ मध्ये संपली. आजच्या वर्गांसाठी अधिक उचलले, तर पुढच्या पिढीच्या वाट्याचे काय, हा आक्षेप तेव्हापासूनचा.