यान सोडायच्या आधी शेकतात ते कशाला?

यानाचे फोटो आले की लोक म्हणणारच, बघा सोन्याचा पत्रा लावलाय! अहो सोनं कुठलं, पॉलिइमाइड नावाच्या प्लास्टिकची पिवळसर फिल्म असते, आतून अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा, अशा थरावर थर, उष्णता अडवायला. पण हे थर जमिनीवर असताना हवेतलं पाणी शोषतात आणि वर गेल्यावर हळूहळू सोडतात. युरोपच्या युक्लिड दुर्बिणीला हेच नडलं. १ जुलै २०२३ ला उडाली, नोव्हेंबरात तारे जरा मंद दिसायला लागले, आरशावर बर्फ, जाडी काही नॅनोमीटर!

नुसतं पाणीच नाही, गोंद, वायरचं इन्सुलेशन, सगळ्यातून वाफ निघते, यालाच आउटगॅसिंग म्हणतात. नव्या कारच्या काचेवर आतून धुरकट थर येतो ना, तोच प्रकार. फक्त आपल्याकडे ते रेणू हवेला धडकत भरकटतात, निर्वातात मधे अडवायला कोणीच नाही, सुटला की सरळ समोरच्या गार वस्तूवर जाऊन बसतो, आणि बरेचदा ती गार वस्तू म्हणजे नेमका कॅमेऱ्याचा सेन्सर. दुर्बीण अल्ट्राव्हायोलेटची असेल तर अजूनच वाईट, कारण बरेच सेंद्रिय रेणू तोच प्रकाश गिळतात, वर त्या प्रकाशानेच एकमेकांना जोडले जाऊन आरशावर पक्के चिकटतात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने आदित्य एल-१ या सूर्य अभ्यासणाऱ्या यानासाठी केलेली सूट दुर्बीण २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये, म्हणजे अल्ट्राव्हायोलेटमध्येच सूर्य बघते, म्हणजे विचार करा.

म्हणून मटेरियल निवडतानाच परीक्षा. नमुना निर्वातात १२५ डिग्रीला २४ तास ठेवायचा, वजन १ टक्क्याहून जास्त घटलं की बाद, समोरच्या २५ डिग्रीच्या प्लेटवर ०.१ टक्क्याहून जास्त जमलं तरी बाद. मग तयार भाग थर्मोव्हॅक चेंबरमध्ये, म्हणजे हवा काढून तापवायच्या खोलीत शेकतात, वाफ जमिनीवरच निघून जावी म्हणून, सोबत क्वार्ट्झचा क्रिस्टल ठेवतात, त्यावर रेणू बसले की वजन वाढून त्याची कंपनं मंदावतात, ती फ्रिक्वेन्सी घसरायची जवळपास थांबेपर्यंत शेकणं चालू. शेकर टेबलवर हलवणं, रॉकेटच्या आवाजाचा मारा वगैरे टेस्ट असतातच, त्यांचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत.

 

युक्लिडचं म्हणाल तर सगळं यान तापवलं असतं तर भाग फुगून आरशांची जुळणी बिघडायची भीती, म्हणून मार्च २०२४ मध्ये आधी एकच आरसा उणे १४७ वरून उणे ११३ डिग्रीपर्यंत नेला, तेवढ्याने १५ टक्के जास्त प्रकाश यायला लागला.