तारण, मजुरी आणि कृपा: थोडा मागचा इतिहास

बँकेत नोकरी करणारा माझा एक मित्र एकदा माझ्याबरोबर पुण्यातल्या पंचहौदच्या चर्चला आला होता, आणि उपासनेत सारखं 'तारण, तारण' ऐकून त्याला वाटलं इथे कर्जाचंच काहीतरी चाललंय. मी हसलो, पण तो फार चुकला नव्हता. आमच्याकडे तारण म्हणजे पापातून सुटका, पण त्यावरचा जुना वाद हिशोबाचाच आहे, देव देतो ती आपल्या कष्टाची मजुरी की नुसतं दान, म्हणजे कृपा? ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने पहिल्या शतकातच लिहून ठेवलंय की दान.

तरी चारेकशे वर्षांनी भांडण पेटलंच. रोममध्ये पेलॅगियस नावाचा साधू होता, एकदम कडक शिस्तीचा, आणि तिकडे उत्तर आफ्रिकेतल्या बिशप ऑगस्टिनची प्रार्थना अशी की देवा, तू जे सांगशील ते करायचं बळही तूच दे. पेलॅगियस भडकला, असं म्हटलं तर माणूस हातपाय हलवेल कशाला? (मला त्याचं अगदीच चूक वाटत नाही.) पण ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने त्याची शिकवण नाकारली, आणि ५२९ मध्ये फ्रान्समधल्या ऑरेंजच्या परिषदेत ठरलं की विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक ल्यूथर यानेही पुढे हेच धरून ठेवलं.

पण मला पटतं ते आपल्याकडच्या पंडिता रमाबाईंमुळे. लहानपण सगळं तीर्थयात्रा, उपास, पुराणं सांगणं यात गेलं, दुष्काळात आईवडील गेले, १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, १८९० मध्ये विधवांसाठीचं शारदा सदन मुंबईहून पुण्यात आणलं, म्हणजे कामाला वाघच बाई. आणि त्याच बाई पुढे लिहितात की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता! इतकं करूनही रिकामंच वाटत होतं, मग कळलं की हे कमवायचं नसतं, घ्यायचं असतं. केडगावच्या संस्थेचं नावच मुक्ती. गंमत म्हणजे त्यानंतर त्यांचं काम कमी नाही झालं, उलट वाढलं, हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि तिथल्याच बायकांनी टाइप जुळवून ते छापलं. पेलॅगियसला केडगावला आणायला हवं होतं.

ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, ते तर म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. 'कृपा' हा शब्द देहू-आळंदीच्या वाटेवर आधीपासून होताच, आमच्या मंडळीला तो कुठून आणावा लागला नाही, 'तारण' मात्र अजून समजावून सांगावं लागतं.