ऑक्सिजन, मोठं आतडं आणि वॉरबर्ग यांचा अर्धा बरोबर हिशोब

सोलापुरातल्या घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर अधूनमधून फिरून येतो. कॅन्सरची पेशी ऑक्सिजनमध्ये जगूच शकत नाही, हे सिद्ध केल्याबद्दल ऑटो वॉरबर्ग यांना १९३१ साली नोबेल मिळालं, असं त्यात असतं. खाली अल्कलाइन पाण्याच्या यंत्राची, नाहीतर ओझोन थेरपीची जाहिरात. यातलं नाव खरं, साल खरं, नोबेलही खरं. ते कशासाठी मिळालं हे मात्र साफ चूक. पारितोषिक होतं पेशींच्या श्वसनातल्या एका विकराचं स्वरूप आणि काम उलगडल्याबद्दल. कॅन्सर आणि ऑक्सिजन यांचं नातं वॉरबर्ग यांनीच नेटकं मोजलं, हेही खरं आहे. घोळ झाला तो मोजण्यात नव्हे, त्याचा अर्थ लावण्यात.

त्यांच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, लुई पाश्चर यांनी यीस्टमध्ये एक गोष्ट पाहिली होती. हवा मिळाली की यीस्ट साखर कमी खातं, हवा तुटली की भराभर संपवतं. हिशोब सरळ आहे. ग्लुकोजच्या एका रेणूतून ऑक्सिजनच्या मदतीने तीसच्या आसपास एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, मिळतात, ऑक्सिजनविना फक्त दोन. कमाई घटली की माल जास्त लागणारच.

१९२०च्या दशकात बर्लिनच्या डाहलेम भागातल्या प्रयोगशाळेत वॉरबर्ग उंदरांच्या गाठींचे पातळ काप घेऊन त्यांतला वायू मोजत होते. ऑक्सिजनविना साखर मोडली की लॅक्टिक आम्ल उरतं; इथे भरपूर ऑक्सिजन असतानाही त्या कापांतून ते निघत राहिलं. म्हणजे हवा असूनही पेशी हवा नसल्यासारखं वागत होत्या. निरीक्षण पक्कं होतं. कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने गाठ असलेल्या जिवंत कोंबडीच्या रक्तातही त्याला दुजोरा दिला. वॉरबर्ग यांनी निष्कर्ष काढला की पेशीचं श्वसनच कायमचं बिघडतं आणि तेच कॅन्सरचं मूळ आहे. १९५६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी हे ठासून मांडलं. तिथेच सिडनी वाइनहाऊस यांनी उत्तर दिलं की बहुतेक गाठींमधलं श्वसन चांगलं शाबूत आहे. वॉरबर्ग ऐकणाऱ्यांतले नव्हते. १९७० साली मृत्यू होईपर्यंत त्यांनी आपला हेका सोडला नाही.

दरम्यान इंग्लंडमध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी १९५५ साली फुप्फुसाच्या गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. रक्तवाहिनीजवळच्या पेशी धडधाकट, आणि मिलिमीटरच्या साधारण पाचव्या भागापलीकडच्या मेलेल्या. ऑक्सिजन ऊतीतून झिरपत जेमतेम तेवढाच जातो. मधल्या पट्ट्यातल्या पेशी अर्धपोटी असतात आणि त्याच जास्त त्रास देतात: ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारायला किरणोत्साराची मात्रा जवळपास तिप्पट लागते.

ऑक्सिजन कमी झाल्याचं पेशीला कळतं कसं, याचं उत्तर कॅन्सरच्या नव्हे, रक्ताच्या अभ्यासातून आलं. तांबड्या पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाच्या जनुकाचा माग काढताना ग्रेग सेमेन्झा यांना १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘हिफ’ हे प्रथिन सापडलं. ऑक्सिजन असेल तर पेशी ते बनवते आणि काही मिनिटांत मोडूनही टाकते; ऑक्सिजन घटला की मोडणं थांबतं आणि हिफ साचतं. मोडण्याची खूण नेमकी कशी लागते, ते विल्यम केलिन आणि पीटर रॅटक्लिफ यांच्या गटांनी २००१ मध्ये दाखवलं. २०१९चं नोबेल या तिघांना मिळालं.

साचलेलं हिफ ग्लुकोज आत ओढणारी दारं वाढवतं, लॅक्टिक आम्ल बनवणारी विकरं वाढवतं, नव्या रक्तवाहिन्यांना आवतण धाडतं. २००६ साली दोन गटांनी आणखी एक गोष्ट दाखवली: हिफमुळे पीडीके-१ हे विकर वाढतं आणि ते ग्लुकोजचा माल मायटोकॉन्ड्रियापर्यंत, म्हणजे पेशीच्या श्वसनाच्या जागेपर्यंत, पोचूच देत नाही. गिरण्या पाहिलेल्या या शहराच्या भाषेत सांगायचं तर बॉयलर फुटलेला नव्हता, कोळशाची वाट मुद्दाम अडवली होती. माझ्या मते या सगळ्या कथेतली कळीची जागा हीच.

मोठ्या आतड्यात प्रकरण आणखी गुंतागुंतीचं होतं, कारण तिथे ऑक्सिजनची टंचाई हीच रोजची रीत आहे. आतड्याच्या पोकळीत ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधनही ग्लुकोज नव्हे, ब्युटिरेट आहे. आपल्याला न पचलेला चोथा जिवाणूंनी आंबवला की ते तयार होतं. या पेशींची सुमारे ७० टक्के ऊर्जेची गरज ब्युटिरेट भागवतं, असं रोडिगर यांनी १९८० साली दाखवलं. ते जाळताना उरलासुरला ऑक्सिजनही संपतो, हिफ टिकून राहतं आणि अस्तराची भिंत घट्ट राहते. म्हणजे हिफ इथे राखणदार आहे. गाठ धरलेल्या पेशी मात्र ग्लुकोजकडे वळतात, ब्युटिरेट जाळायचं कमी करतात. न जळलेलं ब्युटिरेट केंद्रकात साचून त्यांचीच वाढ रोखतं, असं २०१२च्या प्रयोगांत दिसलं.

इथे ज्वारीची आठवण होणं साहजिक आहे. भाकरीतला तंतू आणि सावकाश पचणारा स्टार्च मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो आणि ब्युटिरेटचा कच्चा माल ठरतो. जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, आणि तिच्यात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण फार कमी आढळत आलं. पण दोन वाक्यं शेजारी ठेवली म्हणजे पुरावा होत नाही. ग्रामीण माणसाचं श्रमाचं जगणं, वजन, मांसाहाराचं प्रमाण, निदान होण्यातल्या अडचणी, हे सगळं त्या आकड्यात मिसळलेलं आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आवडीने खावी. औषध म्हणून तिचा प्रचार करू नये.

साखर तोडली की गाठ उपाशी मरते, ही त्याच मजकुराची धाकटी बहीण. २००९ साली जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपेशी अगदी कमी ग्लुकोजमध्ये वाढवल्या. बहुतेक मेल्या. ज्या तगल्या त्यांतल्या बऱ्याच पेशींनी ग्लुकोज खेचणारी दारं वाढवली होती, आणि काहींमध्ये आधी नसलेला केरास या पेशीच्या वाढीला चालना देणाऱ्या जनुकातला बदल आला होता. उपासमारीने जास्त हावऱ्या पेशींची निवड झाली. पुढच्या दोन-तीन वर्षांत हेही कळलं की ऑक्सिजन तुटल्यावर कॅन्सरपेशी चरबी बनवण्यासाठी ग्लुटामिन या अमिनो आम्लाकडे वळतात. एक वाट अडवली की दुसरी तयार असते. शिवाय आपण गोड सोडलं तरी यकृत रक्तातली साखर खाली जाऊ देत नाही.

रसद तोडण्याचा प्रयत्न औषधानेही झाला. नव्या रक्तवाहिन्या रोखणाऱ्या बेव्हॅसिझुमॅबला अमेरिकेत २००४ साली पहिली मान्यता मिळाली ती पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरसाठीच. केमोथेरपीला त्याची जोड दिल्यावर रुग्णांचं उपचार सुरू झाल्यापासूनचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण जितका काळ जगतात तो) १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेलं. फायदा खरा, पण बेताचा. वाहिन्या कमी झाल्या की गाठीत ऑक्सिजन आणखी घटू शकतो, हिफ आणखी साचू शकतं, आणि म्हणूनच हे औषध कशाच्या जोडीने आणि केव्हा द्यायचं यावर आजही काम चालू आहे.