काड जाळलं की राखेचं खत होतं?

"हार्वेस्टरने गहू काढला की मागे राहिलेलं काड पेटवून द्या, राखेचं खत होतं," हा निरोप दर उन्हाळ्यात फिरतो. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो. राखेत पालाश (पोटॅश) उरतं. पण काडातलं नत्र (नायट्रोजन) जवळपास सगळं धुरात जातं, कर्बही (कार्बन) जातो, आणि हलकी राख वावटळीबरोबर दुसऱ्याच्या शिवारात. किलोभर वाळलं काड पत्र्यावर जाळून राख तोलून पाहा, जेमतेम शंभर ग्रॅमच्या आसपास भरेल. बाकीचं आपल्या रानाचंच होतं.

"काड गाडलं की पुढचं पीक पिवळं पडतं," हा अनुभवही खोटा नाही. गव्हाच्या काडात एक भाग नत्राला साधारण ८० भाग कर्ब असतो. ते कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र काही काळ ओढून घेतात. म्हणून ऐन पेरणीच्या तोंडावर गाडू नये. रोटाव्हेटरने बारीक करून, थोडा युरिया फेकून, ओलाव्यावर महिना-दीड महिना आधी मातीत मिसळावं.

एका हंगामात फार फरक दिसणार नाही. दोन-तीन वर्षांनी पावसाळ्यात तिथली माती मुठीत दाबा. ढेकूळ सहज फुटतं आणि कुदळीखाली गांडुळं निघतात.