सेल्फ फिरतो पण गाडी पकडत नाही: करंट गेला का पेट्रोल?

मागच्या पावसाळ्यात झड लागली होती तेव्हा आमची कार्बोरेटरवाली जुनी गाडी तीन दिवस कोठ्याच्या बाजूच्या टिनाच्या शेडमध्ये तशीच उभी होती, आणि चौथ्या दिवशी मोठ्या आईला दवाखान्यात न्यायचं होतं तर चालूच होऊन नाही राहिली. सेल्फ मस्त फिरे पण गाडी पकडे नाही. गावातले चार जण जमले, चौघांचं एकच मत, कार्बोरेटरमध्ये कचरा आला. प्लग काढून पाहिला तर पेट्रोलनं ओलागच्च, मग तर सगळ्यांची खात्रीच पटली की पेट्रोलचाच लोचा आहे. कार्बोरेटर उतरवला, जेट (पेट्रोल जायची बारीक छिद्रं) फुंकले, नवीन गॅस्केट आणून टाकलं, अर्धा दिवस त्यातच गेला, मोठी आई शेवटी एसटीनं गेली आणि गाडी तशीच्या तशी. संध्याकाळी तालुक्याहून मिस्त्री आले, त्यांनी कार्बोरेटरकडे पाह्यलं सुद्धा नाही, डिस्ट्रीब्युटरचं (प्लगांना करंट वाटणारा डबा) झाकण काढलं, आतून बोट फिरवलं आणि बोट माझ्यासमोर धरलं, ओलं होतं. कोरड्या कापडानं पुसलं, पितळेच्या टोकांवर आलेली पांढरी बुरशी पॉलिश पेपरनं घासली, लावलं, दुसऱ्या सेल्फला गाडी चालू.

मग ते म्हणाले, "भाऊ, प्लग ओला आहे म्हणजे पेट्रोल येऊन राहिलं, फक्त ते जळून नाही राहिलं. मग कार्बोरेटर काहून खोलला?"

हे वाक्य तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं आहे, कारण पेट्रोलवाल्या जुन्या गाडीत (मारुती आठशे, ओम्नी, पद्मिनी, ॲम्बेसिडर, कोणतीही घ्या) हे दोन बिघाड सीटवर बसून अगदी सारखे वाटतात. करंट नसला तरी सेल्फ तसाच फिरतो, पेट्रोल नसलं तरी तसाच. आता सेल्फच फिरत नसेल, नुसती टकटक होत असेल किंवा लाईट मंद होत असतील तर ते बॅटरी, तिचे टर्मिनल किंवा स्टार्टरचं काम, त्यात इथलं काही लागू नाही. फक्त एक लक्षात ठेवा, बॅटरी अर्धमेली असली तर सेल्फ हळूहळू फिरतोही पण बॅटरीचा सगळा जोर तोच खाऊन टाकतो आणि कॉइलला पुरेसा करंट पोचत नाही. सेल्फ मारताना बॅटरी साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी चार्ज करा, मग बाकीचं पहा.

करंटचा रस्ता सांगतो म्हणजे कुठे तुटतो ते कळेल. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये जातात, डिस्ट्रीब्युटरमधले पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारा छोटा स्विच, उघडले की (नंतरच्या गाड्यांत पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक भाग असतो) कॉइलमधून एकदम १५ ते २० हजार व्होल्टचा झटका निघतो, तो मधल्या जाड वायरनं झाकणात येतो, रोटर तो फिरवून एकेका प्लगला वाटतो. एवढ्या व्होल्टला नुसती ओल सुद्धा रस्ता म्हणून पुरते, झाकणाला केसाएवढी चीर असली तरी करंट प्लगला जायचं सोडून तिथूनच इंजिनच्या लोखंडात उतरून (अर्थ होऊन) जातो. पेट्रोलचा रस्ता त्या मानानं सरळ आहे, टाकी, नळी, फिल्टर, पंप, कार्बोरेटरची वाटी, तिथून जेटमधून हवेत मिसळून आत.

तर पहिला साक्षीदार प्लगच. दहाबारा सेकंद सेल्फ मारा आणि लगेच एक प्लग काढा, काढायच्या आधी त्याच्या बुडाशी साचलेली धूळ फुंकून घ्या नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. टोक ओलं, पेट्रोलचा वास येतो आणि प्लगची पांढरी चिनीमाती ओलीनं चमकते, तर पेट्रोल पोचलं आणि पेटलं नाही, म्हणजे आधी करंट पहायचा. टोक कोरडं ठणठणीत, वासही नाही, तर पेट्रोल पोचलंच नाही. इतकी सोपी गोष्ट आहे आणि तरी लोक उलटं वाचतात, ओला प्लग पाहिला की म्हणतात पेट्रोल जास्त येऊन राहिलं, कार्बोरेटर बिघडला. कधीकधी खरंच जास्त येतं बरं का, चोक ओढून ओढून किंवा ॲक्सिलरेटर पंप मारून मारून गाडी ओव्हरफ्लो होते, नाहीतर वाटीतली सुई अडकून पेट्रोल वाहत राहतं. त्यावर उपाय असा की चोक आत ढकला, ॲक्सिलरेटर बुडापर्यंत दाबून धरा (पंप नका मारू, नुसता दाबून धरा) आणि पाचसात सेकंद सेल्फ मारा, हवा जास्त जाते आणि जादाचं पेट्रोल निघून जातं. प्लग पुसून वाळवून लावले आणि असं केलं तरी गाडीनं एक फटका सुद्धा मारला नाही तर मात्र करंटच.

करंट पाहताना घाई करू नका. काढलेला प्लग त्याच्या वायरमध्ये परत बसवा, प्लगचं लोखंड इंजिनच्या उघड्या लोखंडाला घट्ट टेकवा, उघड्या प्लगहोलपासून आणि कार्बोरेटरपासून लांब, सांडलेलं पेट्रोल आधी पुसून घ्या, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. प्लग हातात धरायचा नाही, कोरड्या लाकडाच्या चिमट्यानं किंवा रबरी मूठवाल्या पक्कडनं धरा, आणि वायर नुसती हवेत सोडून सेल्फ मारू नका, इलेक्ट्रॉनिक इग्निशन असलं तर ते त्यानं जळतं. चटचट आवाज करत निळीपांढरी ठिणगी पडली तर करंट ठीक. पिवळी, बारीक, कधी पडते कधी नाही, तर ती बाहेर हवेत पडली तरी आत दाबाखाली पडणार नाही. एकाही प्लगला ठिणगी नाही तर मग मधली वायर, कॉइल, पॉइंट, झाकण. एकाच प्लगला नाही तर त्या वायरचाच दोष, पण एक सिलिंडर मेला म्हणून गाडी सहसा चालूच व्हायची थांबत नाही, मिसिंग मारत का होईना चालते. आमच्याकडे वायरींचा मोठा दुश्मन उंदीर आहे, कुटाराच्या ढिगाजवळ गाडी उभी केली की ते गरम इंजिनवर येऊन बसतात आणि कुरतडतात, एकदा तर मधली वायर वरून धडधाकट दिसे पण खालच्या बाजूनं नुसता दोरा उरला होता.

पेट्रोल पहायचं तर आधी टाकीत आहे का ते काडी घालून पहा, हसू नका, जुन्या गाडीचा काटा खोटं बोलतो. मग ज्या कार्बोरेटरच्या वाटीला काचेची छोटी गोल खिडकी असते (आठशेला असते) तिथे बघा, पेट्रोलची रेघ मधल्या खुणेजवळ दिसली पाहिजे. काच कोरडी तर पंपाची बाहेर येणारी नळी काढून बाटलीत धरा आणि सेल्फ मारा, ठसक्या ठसक्यानं धार यायला पाहिजे. नाही आली तर फिल्टर, पंपाचा पडदा, किंवा टाकीकडच्या नळीला भेग पडून पंप हवा ओढून राहिला. काचेत पेट्रोल भरलेलं आहे आणि तरी प्लग कोरडा, मग जेट बुजला, किंवा चावी फिरवल्यावर कार्बोरेटरवरचा जो सोलेनॉइड (करंटवर उघडणारा पेट्रोलचा छोटा खटका) टक करून उघडतो तो उघडून नाही राहिला. तो टक ऐकायला शांत जागा लागते, इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन करायची.

एवढं सगळं करायला वेळ नसेल तर एक जुना मार्ग आहे, सिरींजनं चार-पाच मिली पेट्रोल कार्बोरेटरच्या घशात सोडायचं, बाटली लांब नेऊन ठेवायची, एअर फिल्टरचं झाकण परत बसवायचं आणि मगच सेल्फ मारायचा. दोनतीन सेकंद भुर्र करून बंद पडली तर करंट चांगला आहे, पेट्रोल येत नाही. काहीच झालं नाही तर करंट. झाकण उघडं ठेवून तोंड वर नेऊन पाहत बसू नका, उलटा भडका येतो तेव्हा भुवया जातात.

पण खरा गोंधळ उन्हाळ्यात होतो, त्यात भलेभले फसतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना आर्वीहून पुलगावकडे जाताना गाडी दुपारी रस्त्यातच बंद पडली, अर्धा तास बाभळीखाली थांबलो, थंड झाली, चालू झाली. आता हे पेट्रोलची वाफ झाल्यानंही होतं आणि कॉइल गरम होऊन मेल्यानंही होतं, आणि दोन्ही अर्ध्या तासानं आपोआप बरे होतात, म्हणून मिस्त्रीकडे नेली की गाडी ठणठणीत, काही सापडत नाही. वाफेचं असं की पेट्रोलचा हलका भाग साधारण ४० अंशाच्या आसपासच उकळायला लागतो, बोनेटखाली तर कितीतरी जास्त तापतं, आणि पंप ओढतो तिथे दाब कमी म्हणून बुडबुडे आणखी लवकर होतात, पंप मग पेट्रोलऐवजी वाफच ओढत बसतो. कॉइलमध्ये तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात, कुठे तार तुटायला आलेली असली तर गरम झाल्यावर सुटते, थंड झाल्यावर परत टेकते. पॉइंटला जोडलेला कंडेन्सर आणि पॉइंटऐवजी असणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलही असेच वागतात.

फरक बंद पडायच्या पद्धतीत आहे. वाफ झाली की गाडी आचके देते, जोर कमी होतो, पुढे जाते परत आचका, असं करत मरते. कॉइल गेली की चावी बंद केल्यासारखी एकदम चूप. आणि पक्कं करायचं तर ते थंड व्हायच्या आत, तिथेच रस्त्यावर, गरम असतानाच ठिणगी पहायची. गरम इंजिनवर निळी ठिणगी आहे तर कॉइलचा दोष नाही, पाण्यानं भिजवलेला दुपट्टा पंपावर आणि लोखंडी नळीवर गुंडाळा, पाच मिनिटांत पकडली तर वाफच होती, नळी इंजिनपासून लांब सरकवून बांधा. ठिणगीच नाही तर ओला कपडा कॉइलच्या पत्र्याच्या अंगाला लावा, वरच्या टोकाला पाणी लागू देऊ नका. त्या दिवशी आमचं कॉइल निघालं, आणि त्याआधी दोन वेळा मी पंप बदलून बसलो होतो. पॉइंटवाल्या गाडीत इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून गाणे ऐकायची सवय असेल तर तीही सोडा, पॉइंट बंद स्थितीत थांबले असले तर कॉइलमधून सतत करंट जाऊन ती तिथेच भाजते.

माझा अनुभव असा की आपल्याकडे पावसाळ्यात संशय आधी करंटवर घ्यावा आणि उन्हाळ्यात किंवा गाडी महिना-दोन महिने उभी राहिल्यावर आधी पेट्रोलवर. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्यानं फुगतो, कडक होतो, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं, जास्त झालं की पाणी टाकीच्या बुडाशी वेगळं बसतं. बाटलीत धरलेली धार पाच मिनिटं स्थिर ठेवली की खाली वेगळा थर दिसतो. डिझेल जीप, बोलेरोला यातलं करंटचं काही लागूच नाही, तिथे ठिणगीच नसते, सहसा लाईनमध्ये हवा धरलेली असते, हातपंपानं ती काढावी लागते.

आणि कधी असं निघतं की करंटही नाही आणि पंपातून पेट्रोलही नाही, दोन्ही एकाच वेळी. दोन वेगळे बिघाड एकाच दिवशी क्वचितच होतात. ज्या इंजिनमध्ये डिस्ट्रीब्युटर आणि पंप दोन्ही कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) चालतात तिथे त्याला फिरवणारा टायमिंग बेल्ट तुटला की दोन्ही सोबतच थांबतात, आणि कान देऊन ऐकलं तर सेल्फचा आवाजही बदललेला असतो, नेहमीची घुर्रऽघुर्र अशी ठेक्यातली लय जाते आणि इंजिन हलकंच सुसाट फिरतं. कॉइलची मधली वायर काढून इंजिनच्या लोखंडाला घट्ट टेकवून बांधा, डिस्ट्रीब्युटरचं झाकण काढा, एकानं थोडासाच सेल्फ मारायचा, दुसऱ्यानं रोटर पहायचा. रोटर जागचा हलत नसेल तर प्लग, कॉइल, कार्बोरेटर कशालाच हात लावू नका आणि परत सेल्फही मारू नका, काही इंजिनमध्ये व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. सरळ टोचन करून न्या.